आधारवृक्ष आणि आहारवृक्ष

निंबावर चढलेली गुळवेल श्रेष्ठ, हा संस्कार आपल्यापैकी अनेकांना गुरुमुखातून लाभलेला आहे. 'निंबगुळवेल' म्हणून येणाऱ्या मालाला जादा दरही मागितला जातो. वेल निंबाचे गुण शोषून घेते, असे त्याचे समर्थन केले जाते. वनस्पती आपला आहार कोठून व कसा मिळवते, या कसोटीवर हे समर्थन तपासून पाहणे वैद्य आणि औषधनिर्माते या उभयतांच्या हिताचे आहे.

हिरवी वनस्पती हवेतील कार्बन डायऑक्साइड आणि मुळांनी शोषलेले पाणी यांपासून सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने शर्करा तयार करते. नत्र, स्फुरद, पालाश आदी घटक ती मातीतून घेते. गुळवेल हे सर्व स्वतःच करते. निंबाच्या सालीत शिरणारे शोषकमूळ तिला नाही. तिचे खोड मध्येच तोडले, तर वरचा भाग झाडाच्या रसावर जगत नाही; दोऱ्यासारखी हवाई मुळे खाली सोडून तो पुन्हा माती गाठतो. 'छिन्नरुहा' हे तिचे नाव याच सामर्थ्याचे द्योतक आहे. तात्पर्य, निंब हा गुळवेलीचा आधारवृक्ष होय, आहारवृक्ष नव्हे.

निंबाखालची माती, सावली व ओलावा यांमुळे वेलीच्या घटकांत काही फरक पडू शकेल. परंतु वेल स्त्री आहे की पुरुष, खोड किती जाड आहे, संग्रह कोणत्या ऋतूत झाला, यांनीही तो पडू शकतो. त्यामुळे हा फरक परीक्षणाने दाखवून द्यावा लागेल. केवळ निंबाच्या नावासाठी जादा दर मोजणे सयुक्तिक नाही.

ज्या द्रव्यांच्या बाबतीत आश्रयवृक्षाची चौकशी खरोखर अनिवार्य आहे, तेथे मात्र आपण ती क्वचितच करतो. वांदा, म्हणजेच बांडगूळ, याची पाने हिरवी असल्याने तो शर्करा स्वतः तयार करतो. पाणी व खनिजे मात्र झाडाच्या जलवाहिन्यांत शोषकमूळ घालून घेतो. निघंटुकारांनी त्याला 'वृक्षादनी' म्हटले, ते किती यथार्थ आहे! चंदनही शेजारच्या झाडांच्या मुळांना असेच जोडून घेते. म्हणूनच रोपवाटिकेत त्याच्या जोडीला तूर लावतात. अमरवेल याही पुढे जाते. बी रुजल्यावर आधार सापडला की तिचा जमिनीशी संबंध तुटतो आणि पाणी व तयार अन्न या दोहोंसाठी ती आश्रयवृक्षावरच अवलंबून राहते.

आहाराबरोबर विषही येऊ शकते. कण्हेरीवर वाढलेल्या वांद्यात कण्हेरीतील, हृदयावर तीव्र परिणाम करणारी ग्लायकोसाइडे आढळल्याची नोंद १९६१ सालीच झालेली आहे. आश्रयी वनस्पतीतील अल्कलॉइडे अमरवेलीत उतरतात, हेही अभ्यासांतून दिसून आले आहे. वाळवून, तुकडे करून पोत्यात भरलेला वांदा आंब्यावरचा की कण्हेरीवरचा, हे नुसत्या डोळ्यांनी सांगणे अनुभवी वैद्यालाही कठीण आहे. रुग्णाला मात्र त्याचे परिणाम भोगावे लागतात.

यास्तव दोन सूचना कराव्याशा वाटतात. पहिली, वांदा व अमरवेल खरेदी करताना संग्राहकाकडून आश्रयवृक्षाचे नाव लेखी घ्यावे. ते मिळत नसेल तर माल परत करावा. शेड्यूल 'टी'नुसार औषधनिर्मात्यांना कच्च्या मालाच्या नोंदी ठेवाव्याच लागतात. त्या नोंदवहीत आश्रयवृक्षाचा एक रकाना वाढवण्यास कोणताही खर्च येत नाही. कण्हेर, रुई, धोत्रा अशा विषारी वनस्पतींवरील माल तर सर्वथा वर्ज्य मानावा. दुसरी सूचना, गुळवेलीची खरेदी निंबाच्या नावावर न करता अचूक ओळख, खोडाची जाडी व संग्रहकाल यांवर करावी.

चरकसंहितेच्या कल्पस्थानात औषधी कोणत्या भूमीतून घ्यावी आणि तिचे कोणते अंग कोणत्या ऋतूत घ्यावे, याचे विवेचन आहे. भूमी पाहण्यामागील हेतू वनस्पतीचे पोषण पाहणे हाच आहे. ज्या वनस्पतीची भूमीच दुसरे झाड आहे, तिच्यासाठी त्या झाडाची परीक्षा हीच भूमिपरीक्षा होय. शास्त्राचा हा आशय आपल्या खरेदीत उतरावा, एवढीच अपेक्षा.