थेंब टपकू द्या

मानकोली ते अंजूरफाटा रस्त्यालगतचे दापोडे आज गोदामांसाठी ओळखले जाते. कपडे, औषधे, रंग, ऑनलाइन मागवलेल्या वस्तू, सगळ्यांचा मुक्काम इथे पडतो. गोदामांच्या आगी भिवंडी परिसराला नव्या नाहीत. म्हणूनच मोठ्या गोदामांत पाण्याची टाकी, नळ आणि अग्निशमन पंप बसवलेले असतात. मात्र तो पंप ऐनवेळी पाणी देईल की नाही, हे अनेकदा एका दुर्लक्षित भागावर ठरते. फिरता शाफ्ट पंपाच्या पोटातून जिथे बाहेर येतो, तिथले हे सील.

अनेक पंपांत तिथे ग्लँड दोरी भरलेली असते. पंप चालू असताना तिच्यातून सेकंदाला साधारण एक थेंब पाणी टपकणे अपेक्षित असते. पाहणाऱ्याला ती गळती वाटते. प्रत्यक्षात तेच थेंब वंगणाचे काम करतात आणि घर्षणाची काही उष्णताही सोबत घेऊन जातात. जमीन कोरडी राहावी म्हणून कोणी नट करकचून आवळले, की थेंब थांबतात आणि सील तापू लागते.

हिशेब सोपा आहे. ५० मिलिमीटर व्यासाचा शाफ्ट मिनिटाला २,९०० फेरे घेत असेल, तर त्याचा पृष्ठभाग सेकंदाला सुमारे साडेसात मीटर घासत जातो. घर्षणाचा रोध १० किलो वजनाइतका धरला, तरी जवळपास ७५० वॅट उष्णता तयार होते. म्हणजे घरची इस्त्री त्या चिंचोळ्या जागेत चालू ठेवल्यासारखेच. दोरीतले वंगण जळते, दोरी कडक होते, शाफ्टवरच्या स्लीव्हला चरे पडतात. मग गळती वाढते, म्हणून नट आणखी आवळले जातात. शेवटी पंप अडकण्याचीही भीती असते.

मेकॅनिकल सीलमध्ये गळती दिसत नाही. पण नियम तोच. त्याच्या दोन गुळगुळीत चकत्यांमध्ये पाण्याचा अतिशय पातळ थर असतो. टाकी रिकामी असताना किंवा पंपात हवा राहिलेली असताना पंप चालवला, तर हा थर नाहीसा होतो आणि थोड्याच वेळात चकत्या तडकू शकतात, रबरी रिंग करपू शकते.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार अग्निशमन यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र जानेवारी आणि जुलै असे वर्षातून दोनदा द्यावे लागते. परंतु दोन प्रमाणपत्रांमधल्या सहा महिन्यांत नटावर कोणाचा पाना फिरला, हे कागद सांगत नाही. त्यासाठी दर आठवड्याला पंप काही मिनिटे चालवून पाहणे, आधी टाकीतले पाणी तपासणे, थेंब मोजणे आणि लांबूनच तापमान सांगणाऱ्या औद्योगिक थर्मामीटरने सीलची जागा तपासणे, एवढे पुरेसे आहे. फिरत्या शाफ्टजवळ हात नेऊ नये. नट आवळायचेच असतील तर प्रशिक्षित फिटरने दोन्ही बाजूंचे सारखे, थोडे थोडे आवळावेत आणि मध्ये थांबून परिणाम पाहावा.

आग लागल्यावर विहीर खणण्यात अर्थ नसतो, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. दापोड्यात विहीर खणलेली आहे, पंपही बसवलेला आहे. गोदामात राबणाऱ्या हमालांचा जीव ज्याच्या भरवशावर आहे, तो पंप केवळ जमीन कोरडी दिसावी म्हणून निकामी होऊ देणे परवडणारे नाही.