आयुष्यात एकदा तरी वाचावेत असे ग्रंथ

स्मरणिकेत ग्रंथांविषयी लिहावयाचे म्हटले की शंभर उत्तम पुस्तकांची यादी द्यावी, असा मोह होतो. अशा याद्या पुष्कळ निघतात. त्या वाचून होतात, पुस्तके मात्र वाचावयाची राहतात. म्हणून येथे मोजक्याच पुस्तकांचा विचार केला आहे आणि त्यांच्या निवडीसाठी एकच कसोटी लावली आहे. जे पुस्तक वाचकाला विचार करावयास, प्रसंगी वाद घालावयास भाग पाडते, ते आयुष्यात एकदा तरी वाचलेच पाहिजे.

ही कसोटी लावण्याचे कारण आपल्या घराघरांत आहे. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर पुस्तकांची दुकाने ओसंडून वाहतात. पोटाला चिमटा घेऊन आलेला माणूस परतताना पिशवीतून ग्रंथ घेऊन जातो, हा आपल्या समाजाचा अभिमानाचा ठेवा आहे. परंतु तो ग्रंथ गावी पोहोचल्यावर पुढे काय होते? पुष्कळदा तो निळ्या वस्त्रात बांधून प्रतिमेखाली ठेवला जातो. त्याच्यापुढे मेणबत्ती लागते, अगरबत्ती लागते. वर्षावासात विहारामध्ये ग्रंथवाचन होते, ती परंपरा स्तुत्यच आहे. पण घरी वर्षभर त्याचे पान उलटत नाही. ज्यांना शतकानुशतके अक्षर नाकारले गेले, त्यांनी ग्रंथ मस्तकी धरावा हे स्वाभाविक आहे. मात्र मस्तकी धरलेला ग्रंथ डोळ्यांसमोर येत नाही, याचीही जाणीव ठेवावयास हवी. केवळ परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा गुरू सांगतो म्हणून एखादी गोष्ट स्वीकारू नका, असा उपदेश तथागतांनी केसपुत्तच्या कालामांना केला. ग्रंथवाचनाचा याहून चांगला पाठ नाही.

प्रारंभ आपल्याच जिल्ह्याशी नाते सांगणाऱ्या एका लेखनापासून करू. ते पुस्तकही नाही, काही पानांचा निबंध आहे. १८४२ साली अहमदनगर येथे सुरू झालेल्या ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात १८५५ साली मुक्ता साळवे हिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध प्रसिद्ध झाला. मुक्ता ही जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेतील मातंग समाजाची विद्यार्थिनी. वेद जर केवळ ब्राह्मणांचे असतील आणि आम्हांस ते पाहण्याचीही मुभा नसेल, तर आम्ही ग्रंथाविना, म्हणजेच धर्माविना आहोत काय, असा तिचा रोकडा प्रश्न आहे. नुकतीच अक्षरे शिकलेली एक मुलगी आपल्याला ग्रंथ नाही या वस्तुस्थितीवरूनच संपूर्ण व्यवस्थेला जाब विचारते. आपल्या शाळेतील सातवी-आठवीच्या मुलींनी हा निबंध वर्गात मोठ्याने वाचावा. शाळकरी वयात लिहिलेले शब्दही पावणेदोनशे वर्षे टिकू शकतात, हे त्यांना वेगळे सांगावे लागणार नाही.

दुसरे पुस्तक दया पवार यांचे ‘बलुतं’. लेखक आपल्याच जिल्ह्यातील, अकोले तालुक्यातले. १९७८ साली ‘ग्रंथाली’ने प्रसिद्ध केलेल्या या आत्मकथनात दगडू मारुती पवार हा आपली कहाणी शिकल्या-सवरलेल्या दया पवारांना सांगतो. दोघेही एकच. शिकून पुढे गेलेला माणूस आणि त्याच्या आत राहिलेला महारवाड्यातला मुलगा यांचा हा संवाद आहे. वसतिगृहात राहून शिकलेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांना त्यात स्वतःचा चेहरा दिसेल. घरातले, वस्तीतले दोषही लेखकाने झाकले नाहीत. यामुळे काही स्वकीय दुखावले आणि आपली लक्तरे वेशीवर टांगली, अशी टीकाही झाली. त्या टीकेत तथ्य होते की नव्हते, हे वाचकाने पुस्तक वाचूनच ठरवावे.

तिसरे पुस्तक बेबीताई कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’. फलटणला त्या किराणा मालाचे छोटे दुकान चालवीत. पुड्या बांधण्यासाठी आलेले रद्दीचे कागद त्या वाचीत आणि आपले लेखन त्यांनी कित्येक वर्षे घरच्यांपासून लपवून ठेवले. जातीने दिलेल्या यातना त्यांनी लिहिल्याच. शिवाय त्या यातना सोसणाऱ्या पुरुषांनी घरातल्या सुनेला कसे वागवले, हेही त्यांनी तितक्याच स्पष्टपणे लिहिले. समतेची भाषा व्यासपीठावर बोलणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याने हे पुस्तक आपल्या घरात बसून वाचावे. याच बेबीताईंनी पुढे फलटणजवळ निंबुरे येथे वंचित मुलांसाठी निवासी शाळा काढली. आपल्या शाळेचे आणि त्या पुस्तकाचे हे नाते विसरता येणार नाही.

चौथा ग्रंथ म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’. मराठीत त्याची एकाहून अधिक भाषांतरे उपलब्ध आहेत. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने १९३६ च्या अधिवेशनात अध्यक्षीय भाषण करण्यासाठी बाबासाहेबांना निमंत्रण दिले. भाषणाचा मसुदा पाहून मंडळी बिचकली आणि काही भाग गाळण्याची सूचना आली. एक स्वल्पविरामही बदलणार नाही, असे बाबासाहेबांनी कळवले. अधिवेशन झालेच नाही. मग त्यांनी ते भाषण स्वखर्चाने छापले. गांधीजींनी ‘हरिजन’मधून त्यावर टीका केली, तेव्हा १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत बाबासाहेबांनी ती टीका आणि तिला दिलेले आपले उत्तर, दोन्ही समाविष्ट केले. विरोधकाचे म्हणणे वाचकापासून न लपवता त्याच्या हाती देणारा हा ग्रंथ आहे. आज कोणाचेही चार शब्द न आवडले तर आपण भ्रमणध्वनीवरील गटातून बाहेर पडतो. अशा काळात हा ग्रंथ वादाची सभ्यता शिकवतो.

परंतु केवळ आपल्या माणसांची पुस्तके वाचून थांबणे इष्ट नाही. महात्मा फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिली आणि ती अमेरिकेतील गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली. त्यांची दृष्टी सातासमुद्रापलीकडे पोहोचली होती, तर आपली तालुक्याच्या वेशीवर का अडावी? फ्रेडरिक डग्लस या गुलामीतून निसटलेल्या कृष्णवर्णीय लेखकाने १८४५ साली आपले आत्मचरित्र प्रसिद्ध केले. मालकीण त्याला मुळाक्षरे शिकवू लागताच मालकाने ते बंद पाडले. मग त्या मुलाने रस्त्यावरच्या गरीब गोऱ्या मुलांना पाव देऊन त्यांच्याकडून अक्षरे मिळवली. मिरजगावच्या मुलाला हे परके वाटणार नाही.

आपल्या नगरच्या भुईकोट किल्ल्यातही एक मोठा ग्रंथ जन्मला. १९४२ ते १९४५ या काळात तेथे बंदिवासात असताना पंडित नेहरूंनी १९४४ साली ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिला. सोबतच्या बंदिवानांत मौलाना आझाद होते, तसेच बौद्ध तत्त्वज्ञानाचे व्यासंगी आचार्य नरेंद्र देवही होते. त्या सहबंदिवानांनाच नेहरूंनी तो ग्रंथ अर्पण केला. नेहरूंचे सर्व विवेचन आपल्याला पटेल असे नाही. मुक्ता साळवेचा निबंध वाचून जो हा ग्रंथ हाती घेईल, त्याला नेहरूंच्या भारतात काय आहे आणि काय राहून गेले आहे, हे दोन्ही दिसेल.

अखेरीस ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’. १९०७ साली मॅट्रिक उत्तीर्ण झालेल्या भीमरावाला कृष्णराव अर्जुन केळूसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र भेट दिले. एका शिक्षकाने दिलेल्या त्या पुस्तकापासून निघालेली वाट बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रकाशित झालेल्या या ग्रंथापर्यंत येते. त्याच्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी प्रचलित बुद्धचरित्रासंबंधी चार प्रश्न उपस्थित केले आणि वाचकांना विचार करण्याचे आवाहन केले. सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे रूढ कारण बुद्धीला पटते काय, हा त्यांतला पहिला. ज्या ग्रंथाचा आरंभच प्रश्नाने होतो, तो बांधून ठेवणे हा त्याचा मान नव्हे.

यावर पालकांचा एक आक्षेप असतो आणि तो प्रामाणिक आहे. स्पर्धा परीक्षा, पोलीस भरती, वैद्यकीय प्रवेश यांच्या धावपळीत ‘अवांतर’ वाचनाला वेळ कोठून आणावा? कर्जत-जामखेडच्या या दुष्काळी पट्ट्यात लेकरू शाळेत ठेवून जे आईबाप ऊसतोडीला जातात, त्यांनी नोकरीची आशा धरणे अगदी योग्य आहे. पण ‘अवांतर’ हा शब्दच तपासून पाहावा. एका बैठकीत वीस पाने समजून वाचण्याची सवय नसलेल्या मुलाला परीक्षेतील उतारासुद्धा जड जातो. शिवाय उद्या हाच मुलगा तहसील कचेरीत खुर्चीवर बसेल, तेव्हा समोर अर्ज घेऊन उभ्या असलेल्या म्हातारीशी तो कसा बोलेल, हे केवळ सामान्यज्ञानाच्या प्रश्नसंचाने ठरत नाही. ‘बलुतं’ वाचलेल्या अधिकाऱ्याला ती म्हातारी ओळखीची वाटेल.

म्हणून तीन सूचना कराव्याशा वाटतात. पालकहो, मुले सुट्टीत घरी आली की रोज एखादे पान त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घ्या. ज्या माउलीला अक्षरओळख नाही, तिने ‘जिणं आमुचं’ कानांनी ऐकावे. ऐकता ऐकता ती “असंच होतं” म्हणेल किंवा “आमच्याकडं असं नव्हतं” म्हणेल. तेच खरे ग्रंथपरीक्षण होय. माजी विद्यार्थ्यांनो, जयंतीला हार-तुऱ्यांऐवजी वही-पेन देण्याची चांगली प्रथा रुजली आहे. तिच्या जोडीला स्वतः वाचलेले, खुणा केलेले, न पटलेल्या जागी समासात टिपण लिहिलेले एक पुस्तक शाळेच्या ग्रंथालयास द्या. आणि शिक्षकबंधू-भगिनींनो, दहावी सोडण्यापूर्वी प्रत्येक विद्यार्थ्याकडून यांतले एक तरी पुस्तक वाचून घ्या व त्यातले आपल्याला काय पटले नाही, यावर एक पान लिहून घ्या. मुक्ता साळवे हिने १८५५ साली असेच काही लिहिले होते. तशी पाने आपल्या मुलामुलींकडूनही लिहून झाली, तर पुढच्या स्मरणिकेत त्यांतली निवडक अवश्य छापावीत.