दुधाचे दात

गेल्या महिन्यात बडनेऱ्यास आमच्या एका स्नेह्यांच्या घरी जाण्याचा योग आला. तेथे चार वर्षांचा नातू गाल धरून रडत बसला होता. त्याची खालची एक दाढ किडून काळी पडली होती. डॉक्टरांस दाखवावे, असे आम्ही सुचविताच आजीबाई म्हणाल्या, “अहो मास्तर, दुधाचा दात तो. पडायचाच आहे. त्याच्यापायी डॉक्टर कशाला?” सूनबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांचे मत निराळे असावे, असे मुद्रेवरून दिसले; परंतु त्या काही बोलल्या नाहीत. आजीबाईंचे हे वाक्य घरोघर ऐकू येते, म्हणून आज त्याचाच परामर्श घेण्याचे आम्ही योजिले आहे.

संस्कृतात दातास ‘द्विज’ अशी संज्ञा आहे. कारण ब्राह्मणाप्रमाणे आणि पक्ष्याप्रमाणे तोही दोनदा जन्मतो. काश्यपसंहितेत दंतजन्मावर स्वतंत्र अध्याय असून बत्तिसांपैकी आठ दात एकदाच जन्मतात व बाकीचे दोनदा, असे त्यात म्हटले आहे. आधुनिक गणना किंचित निराळी आहे. दुधाचे दात वीस. त्यांच्या जागी पुढे वीस कायमचे दात येतात, आणि मागच्या बारा दाढा तेवढ्या एकदाच उगवतात.

आता हे पहिले जन्म कोठे होतात ते पाहा. मूल सहा महिन्यांचे झाले की खालचे पुढचे दोन दात दिसू लागतात, आणि अडीच ते तीन वर्षांत विसांची पंगत पुरी होते. परंतु हे केवळ दातांचे दर्शन होय. त्यांची घडण नव्हे. गर्भ सहा-सात आठवड्यांचा असतानाच त्याच्या हिरड्यांत दातांचे अंकुर धरतात, आणि चौथ्या महिन्याच्या सुमारास त्यांत चुना साठून ते कठीण होऊ लागतात. एनॅमल नावाचे जे चकचकीत कवच दातावर असते, त्याचा काही भाग प्रसूतीपूर्वी व काही भाग नंतर तयार होतो. या दोहोंच्या सीमेवर एक सूक्ष्म रेषा उमटते. दात कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला असता ती स्पष्ट दिसते. बालकाने आपल्या जन्माची नोंद स्वतःच्या दातांत करून ठेवावी, हे केवढे नवल! आणि हे कवच एकदा घडले की शरीर ते पुन्हा घडवीत नाही. त्या काळात राहिलेली उणीव कायमची राहते.

याचा एक पुरावा आपल्या महाराष्ट्रातच सापडला आहे. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी 1968 ते 1983 या काळात उत्खनन केले. तेथे तीन हजार वर्षांपूर्वीचे शेतकऱ्यांचे गाव उजेडात आले. अल्पवयात गेलेली मुले त्या लोकांनी मातीच्या दोन रांजणांची तोंडे जुळवून आत ठेविली व घराच्या जमिनीखालीच पुरली. त्या मुलांचे दुधाचे दात प्रा. सुभाष वाळिंबे व अमेरिकेचे प्रा. जॉन लुकाच यांनी तपासले. काही सुळ्यांवरील कवचात त्यांना खोलगट उणिवा आढळल्या, आणि त्यांवरून त्या समाजाने सोसलेल्या हालअपेष्टांचा मागोवा त्यांनी घेतला. घरे गेली, नावे गेली, भाषाही गेली. परंतु त्या लेकरांस व त्यांच्या मातांस काय सोसावे लागले, त्याची साक्ष तेवढी दातांनी दिली.

आता आजीबाईंच्या आक्षेपाकडे वळू. दुधाचा दात पडणार हे खरे, परंतु केव्हा? पुढचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडतात, पण मागच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत राहतात. चौथ्या वर्षी किडलेल्या दाढेने मुलाने सहा-सात वर्षे चावावयाचे कसे? शिवाय प्रत्येक दुधाचा दात आपल्या वारसासाठी जागा राखून असतो. तो अकाली गेला म्हणजे शेजारचे दात त्या जागेत कलतात व नवा दात वाकडा येतो. कीड मुळापर्यंत गेली तर खालच्या अंकुरासही अपाय होतो. दुधाच्या दाताचे कवच पातळ असल्यामुळे ती आत लवकर शिरते, हेही लक्षात असू द्यावे.

आणखी एक चूक फार होते. सहाव्या वर्षाच्या सुमारास शेवटच्या दुधाच्या दाढेमागे एक नवी दाढ येते. ती कोणाचीही जागा घेत नाही, म्हणून घरची मंडळी तीसही दुधाचीच समजतात. ती कायमची असते. गेली तर दुसरी नाही.

वरचा दात आधी आला तर मामास अनिष्ट, ही समजूत निराधार आहे. त्यापायी कोणा मातेस बोल लावू नये. ताप वा जुलाब झाले असता ‘दात येताहेत’ म्हणून स्वस्थ बसणेही घातक होय. पहिला दात दिसताच तो रोज दोनदा पुसावा वा घासावा. फ्लोराइडयुक्त पेस्ट तिसऱ्या वर्षापर्यंत तांदळाच्या दाण्याएवढीच पुरे. साखरेच्या दुधाची बाटली तोंडात ठेवून मुलास निजवू नये. सात-आठ वर्षांचे होईतो घासण्याचे काम मोठ्यांनी पाहावे, आणि पहिल्या वाढदिवसापर्यंत दंतवैद्यास एकवार दाखवावे.

आमच्या स्नेह्यांचा नातू दुसऱ्याच दिवशी अमरावतीस नेला गेला. दाढ वाचली. परंतु आमची खरी विनंती त्याच्याही आधीची आहे. ज्या घरात सून गरोदर आहे, त्या घरात नातवाचे दात आजच घडत आहेत. तिचे ताट सर्वांच्या शेवटी, उरल्यासुरल्यावर वाढले जात असेल, तर ती रीत प्रथम मोडावी. दूध, डाळ, पालेभाजी तिच्या पानात आहे की नाही, हे सासूबाईंनी स्वतः पाहावे. पडलेला दात उंदराच्या बिळात टाकून नवा मागण्याची हौस खुशाल करावी. पण नातवाच्या दातांचे पहिले दान सुनेच्या ताटात पडते, हे विसरू नये.