पुड्या, गोळ्या अन् सुया : गावाकडच्या पोरांपर्यंत नशा पोचते कशी, अन् करते काय?

विशेष विश्लेषण

एमडी ड्रग्ज म्हटलं की आजवर गावाकडच्या माणसाला मुंबईचा पब नाहीतर सिनेमातली पार्टी आठवायची. आता तसं राहिलेलं नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये नाशिकजवळच्या शिंदे गावात एमडीचा कारखाना सापडला. त्याच महिन्यात सोलापूरच्या चिंचोळी एमआयडीसीत दुसरा सापडला. फेब्रुवारी २०२४ मध्ये दौंड तालुक्यातील कुरकुंभ एमआयडीसीवर पुणे पोलिसांनी छापा टाकला. मार्च २०२४ मध्ये कवठेमहांकाळ तालुक्यातील इरळी गावातून मुंबई गुन्हे शाखेने १२० किलोंवर एमडी उचललं. जानेवारी २०२५ मध्ये विट्याजवळ कार्वे एमआयडीसी आणि एप्रिल २०२५ मध्ये लातूर जिल्ह्यातील चाकूर तालुक्यातलं रोहिणा. तिथं तर महसूल गुप्तचर संचालनालयाने (डीआरआय) शेतातल्या शेडवरच धाड टाकली आणि ११ किलोंवर माल पकडला.

ही यादी नीट वाचली तर बरीचशी नावं आपल्यासारख्याच तालुक्यांची आहेत. ऊस, द्राक्ष, सोयाबीन पिकवणारा भाग. माल तयार होतो तो शहरासाठी, असं म्हणून गप्प बसावं अशीही परिस्थिती नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये तुळजापूर तालुक्यातील तामलवाडीजवळ तिघांना एमडीच्या पुड्यांसह पकडलं. तपास पुढं सरकला तसा आरोपींचा आकडा तिसाच्या वर गेला. ते प्रकरण तीर्थक्षेत्राच्या गावातल्या विक्रीचं आणि ओढणाऱ्यांचं होतं. म्हणजे माल खेड्यात बनतो आणि तालुक्याच्या गावात खपतोसुद्धा.

गावात नेमकं काय काय चालतं?

सगळी नशा एकसारखी नसते. 'पोरगं नशा करतं' एवढ्यावर थांबलं तर ना घरच्यांना काही कळतं, ना डॉक्टरला. प्रकार वेगळे, लक्षणं वेगळी, धोकाही वेगळा.

एमडी (मेफेड्रोन). पांढरी किंवा पिवळसर पावडर, स्फटिकासारखी. नाकाने ओढतात, कुणी पाण्यातून घेतात. घेतल्यावर तास-दोन तास अंगात जोर आल्यासारखं वाटतं, बडबड वाढते, भूक आणि झोप उडते. असर लवकर उतरतो म्हणून पुन्हा पुडी लागते आणि एका रात्रीत दोन-तीनदा घेतली जाते. नाडी आणि रक्तदाब वाढतो, दात आवळले जातात, अंग तापतं. उतरल्यावर पुढचा दिवस-दोन दिवस नुसती उदासी आणि चिडचिड. जास्त दिवस चाललं की संशय सुरू होतो. कुणीतरी मागावर आहे, घरचेच विष घालतायत, असं वाटायला लागतं. वजन झपाट्याने उतरतं, नाकातून रक्त येतं. पुडीत काय मिसळलंय हे घेणाऱ्याला माहीत नसतं, विकणाऱ्यालाही नसतं.

गांजा. गावाला जुना माहितीचा. म्हणूनच 'त्याने काय होतंय, साधू लोक पण ओढतात' असं म्हणून सोडून दिलं जातं. पण पंधरा-सोळा वर्षांच्या पोराची गोष्ट वेगळी आहे. मेंदूची वाढ साधारण पंचविशीपर्यंत चालू असते. या वयात रोज ओढणाऱ्याची आठवण आणि लक्ष कमी होतं, कशातच मन लागत नाही. घराण्यात कुणाला वेडसरपणाचा आजार असेल, तर गांजाने तो लवकर आणि जोरात उफाळू शकतो. गांजाची सवय लागत नाही हेही खोटं आहे. लहान वयात सुरू केलं तर सवय लागण्याची शक्यता जास्त असते.

झोपेच्या गोळ्या. मालेगाव भागात 'कुत्ता गोळी' म्हणतात, ती म्हणजे अल्प्राझोलाम. नायट्राझेपामच्या गोळीला बऱ्याच ठिकाणी 'बटन' म्हणतात. हे औषध मुळात घबराट आणि झोपेच्या तक्रारीसाठीचं. नशेसाठी घेतलं की पोरगं डुलतं, बोलताना अडखळतं, आदल्या रात्री काय केलं ते सकाळी आठवत नाही. भीड चेपते, म्हणून हाणामाऱ्या होतात. दारूबरोबर घेतली तर श्वास मंदावून जीव जाऊ शकतो. अजून एक गोष्ट घरच्यांनी पक्की लक्षात ठेवावी. रोजची सवय असलेल्याची गोळी एकदम बंद केली तर फिट येऊ शकते. ती डॉक्टरच्या देखरेखीखाली हळूहळूच कमी करायची असते.

खोकल्याचं औषध. ज्या सिरपमध्ये कोडीन असतं ते अफूच्या कुळातलं. बाटलीच्या बाटली पिणारे तरुण आहेत. पेंग, बद्धकोष्ठ, बारीक झालेल्या बाहुल्या ही खूण. मिळालं नाही की अंग मोडून येतं, नाक गळतं, जुलाब होतात, झोप लागत नाही. घरच्यांना वाटतं ताप आलाय. सलाईन लावून आणतात आणि खरं कारण तसंच राहतं.

सोल्युशन, व्हाइटनर, थिनर. पंक्चरच्या दुकानातलं सोल्युशन रुमालावर नाहीतर पिशवीत घेऊन हुंगतात. हे लहान पोरांचं व्यसन. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने एम्सकडून करून घेतलेल्या आणि २०१९ मध्ये जाहीर झालेल्या देशव्यापी पाहणीत एक गोष्ट ठळक दिसली. हुंगण्याची नशा मोठ्यांपेक्षा १० ते १७ वयाच्या मुलांत जास्त आहे, मोठ्यांत ०.५८ टक्के, तर मुलांत १.१७ टक्के. स्वस्त आणि किराणा-स्टेशनरीत मिळणारी वस्तू, म्हणून कुणाला शंकाही येत नाही. पण पहिल्या-दुसऱ्या वेळीच हृदयाचे ठोके बिघडून मूल दगावू शकतं. नाका-तोंडाभोवती पुरळ, कपड्यांना वास, अभ्यासात एकदम घसरण या खुणा.

जिममधली सुई. मेफेंटरमाइन सल्फेट हे इंजेक्शन ऑपरेशनच्या वेळी रक्तदाब फार उतरला तर द्यायचं असतं. ते तालुक्याच्या जिममध्ये 'स्टॅमिना वाढवायला' म्हणून पोचलं आहे. व्यायाम करणारा, निर्व्यसनी म्हणून ओळखला जाणारा पोरगा यात अडकतो, हे यातलं सगळ्यात वाईट. रक्तदाब भलताच वाढून छातीत धडधड, झटका, मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. सवय लागली की भास आणि संशय. सुई एकमेकांची वापरली तर एचआयव्ही आणि काविळीचा (हिपॅटायटिस बी, सी) धोका वेगळाच.

या सगळ्याच्या मुळाशी दारू, गुटखा, मावा, खर्रा आहेच. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे आणि टपरीवर तो मिळतो हे शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. सातवी-आठवीतला मुलगा तिथंच दोन गोष्टी शिकतो. एक म्हणजे बंदी असलेली वस्तू मिळते. दुसरी म्हणजे मोठी माणसं बघून न बघितल्यासारखं करतात. पुढच्या पुडीची वाट इथून सोपी होते.

पोरं का लागतात?

'संगत' हे एक उत्तर झालं, पण ते अपुरं आहे. आजच्या गावात वीस ते तीस वयाचा एक मोठा घोळका असा आहे की जो शिकलाय पण नोकरी नाही. भरतीची तयारी तीन-चार वर्षं चालते, वय निघून जातं. शेतीत भाव नाही. शेतकरी पोराला मुलगी मिळत नाही. दिवसभर मोबाइल आणि संध्याकाळी ढाबा. दुसऱ्या बाजूला रस्त्यात, प्रकल्पात जमीन गेलेल्या घरात एकदम पैसा आला आणि तो पोराच्या हातात गेला. रिकामा वेळ असलेला आणि खिशात पैसा असलेला, दोघंही विकणाऱ्याला चालतात. आधी फुकट देतो, मग उधार देतो, मग उधारी फेडायला चार गिऱ्हाईकं आणायला लावतो. ओढणारा विकणारा कधी झाला ते त्याचं त्यालाही कळत नाही. कायदा मात्र विकणाऱ्याला वेगळ्या मापाने मोजतो.

कायदा काय म्हणतो?

अमली पदार्थांचा कायदा (एनडीपीएस) १९८५ चा. मेफेड्रोन त्यात २०१५ मध्ये आलं. शिक्षा मालाच्या वजनावर ठरते. गांजा एक किलोपर्यंत 'अल्प', वीस किलोच्या वर 'व्यावसायिक'. एमडीला हेच माप दोन ग्रॅम आणि पन्नास ग्रॅम. अल्प मालाला एक वर्षापर्यंत, मधल्याला दहा वर्षांपर्यंत, आणि व्यावसायिक मालाला किमान दहा ते वीस वर्षं सक्तमजुरी. व्यावसायिक मालात जामीनही सहजासहजी होत नाही. मित्राची पिशवी 'जरा धर' म्हणून हातात घेतलेल्या पोराला हे माहीत नसतं. गुन्हा दाखल झाला की पोलीस भरती, सैन्य, कुठलीही सरकारी नोकरी चारित्र्य पडताळणीत अडकते.

शेतकऱ्यांनी वाचायची कलमं वेगळी आहेत. उसात, तुरीत, कपाशीत गांजाची झाडं लावली तर कलम २० प्रमाणे दहा वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. शिरपूर तालुक्यातील सातपुड्याच्या पट्ट्यात अशा शेतीवर वारंवार कारवाया झाल्या आहेत. कलम ४६ प्रमाणे आपल्या जमिनीत अशी लागवड झाली असेल तर ते कळवणं जमीनधारकावर बंधनकारक आहे. कलम ४७ मध्ये तर सरपंच, पंच आणि गावच्या इतर अधिकाऱ्यांवर तीच जबाबदारी स्पष्ट टाकलेली आहे. 'आपल्याला काय करायचंय' म्हणायची सोय कायद्याने गावाला ठेवलेली नाही.

आणि कलम २५. आपलं शेड, गोदाम, घर अशा कामाला वापरतायत हे माहीत असून वापरू दिलं तर मालकालाही मूळ गुन्ह्याचीच शिक्षा. बंद पडलेली पोल्ट्री, रिकामं गोदाम महिन्याला चांगलं भाडं देऊन मागायला कुणी आलं तर मोह होणारच. पण भाड्याने देताना आधार आणि पत्त्याची खात्री, लेखी करार, पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती एवढं तरी करावं. रात्रीच काम चालतं, केमिकलचे ड्रम येतात, उग्र वास येतो, मालकालाही आत येऊ देत नाहीत, तर समजून जावं. त्या कारखान्याचं सांडपाणी ओढ्यात नाहीतर विहिरीतच जिरणार आहे, हा विचार शेजारच्या शेतकऱ्यानेही करावा.

मेडिकल दुकानाची वाट

एमडीच्या धाडीची बातमी होते, गोळीची होत नाही. पण खेड्यातल्या पोराच्या हाताला गोळी आणि सिरपच आधी लागतं. अल्प्राझोलाम, नायट्राझेपाम, कोडीन, ट्रामाडॉल ही औषधं 'शेड्यूल एच-१' मध्ये आहेत. मार्च २०१४ पासून नियम असा की डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती द्यायची नाहीत, आणि दिली तर डॉक्टरचं, रुग्णाचं नाव आणि किती दिली ते वेगळ्या रजिस्टरला लिहून तीन वर्षं जपायचं. म्हणजे कुठल्या दुकानात किती माल आला आणि चिठ्ठीवर किती गेला, हा हिशेब अन्न व औषध प्रशासनाला कागदावर लावता येतो. तालुका दक्षता बैठकांत पोलिसांच्या कारवाईचा आढावा होतो, तसा या रजिस्टरच्या तपासणीचाही आकडा दर महिन्याला जाहीर व्हायला काय हरकत आहे? प्रामाणिक दुकानदारांनाही तेच हवं असणार.

घरच्यांनी काय करायचं?

पहिली चूक मारहाण, दुसरी देवऋषी, तिसरी 'लग्न लावून दिलं की सुधरेल'. तिसऱ्या चुकीत दुसऱ्याच्या पोरीचं आयुष्य पणाला लागतं. चौथी चूक म्हणजे जाहिरात बघून दारू सोडवायचं औषध न सांगता भाजीत कालवणं. त्यातल्या डायसल्फिरामसारख्या औषधावर माणूस दारू प्याला तर रक्तदाब उतरून जिवावर बेतू शकतं.

व्यसन हा आजार आहे आणि त्याला उपचार आहे. डॉ. सुनंदा आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण सुरू केलं. तिथं उपचार, गटचर्चा, घरच्यांचं समुपदेशन आणि नंतरचा पाठपुरावा या चारही गोष्टी लागतात हे इतक्या वर्षांत दिसलेलं आहे. नुसतं कोंडून ठेवून व्यसन सुटत नाही. जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभाग असतो, सुरुवात तिथून करता येते. फोनवर विचारायचं तर १४४४६ ही केंद्राची व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे. टेली-मानसचा क्रमांक १४४१६. विक्रीची माहिती द्यायची असेल तर २०२४ मध्ये सुरू झालेला १९३३ हा क्रमांक आहे.

पोलीस केस होईल या भीतीने कित्येक आई-बाप पोराला दवाखान्यातच नेत नाहीत. त्यांच्यासाठी एनडीपीएस कायद्यातलंच कलम ६४-अ महत्त्वाचं आहे. व्यसनी माणसाने स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेतले, तर सेवनाच्या किंवा अल्प मालाच्या गुन्ह्यात त्याच्यावरचा खटला टळू शकतो. अट एकच, उपचार अर्धवट सोडायचे नाहीत. ही सवलत विकणाऱ्याला नाही.

ग्रामसभांनी दारूबंदीचे ठराव आजवर पुष्कळ केले. आता तीन साध्या गोष्टी ठरावात घ्याव्यात. गावातली भाड्याने दिलेली शेड आणि गोदामं यांची नोंद ग्रामपंचायतीत असावी. शाळेपासून शंभर यार्डांत तंबाखू विकायची नाही हा २००३ चा केंद्रीय कायदा आहे, तो आपल्या गावात पाळला जातोय का ते बघावं. आणि वर्षातून दोनदा जिल्हा रुग्णालयाच्या मनोविकार पथकाला गावात बोलवावं. पैसा फारसा लागत नाही, ओळखीच्या माणसाला नाही म्हणायची तयारी मात्र लागते. टपरीवाला भावकीतला असतो, शेडवाला पाहुण्यातला असतो. गावाचं घोडं तिथंच अडतं, आणि विकणाऱ्यांना हे आपल्यापेक्षा जास्त माहीत आहे.