फेब्रुवारीत कुठे? दरेकसाचं तिकीट काढा

फेब्रुवारी जवळ आला की मोबाइलवर याद्या सुरू होतात. रिओचा कार्निव्हल, व्हेनिसचे मुखवटे, जपानमधल्या सप्पोरोचा बर्फमहोत्सव. दवनीवाड्यातून बघताना पहिला प्रश्न पासपोर्टचा, दुसरा पैशांचा. पण आपल्याच जिल्ह्यातला प्रवास या याद्यांत का नसतो?

माघ पौर्णिमेला सालेकसा तालुक्यातल्या कचारगडला गोंड समाजाची मोठी यात्रा भरते. मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणातूनही लोक येतात. पारी कुपार लिंगोने इथल्या गुहेत कोंडलेल्या मुलांना सोडवलं, अशी त्यांची श्रद्धा. तारीख दरवर्षी सरकते: २०२५ला १२ फेब्रुवारी, २०२६ला १ फेब्रुवारी. गंमत म्हणजे रिओचा कार्निव्हलही ईस्टरवरून, म्हणजे शेवटी पौर्णिमेवरूनच ठरतो! तरी तो 'ग्लोबल इव्हेंट' आणि ही 'स्थानिक यात्रा'.

जायचं कसं? गोंदियाहून डोंगरगड लाइनवर दरेकसा स्टेशन, पुढे जंगलातला रस्ता आणि चढण. मात्र ही पिकनिक नाही. 'पर्यटनस्थळ' म्हटलं की आपल्या डोक्यात आधी सेल्फी पॉइंट येतो. दूरवरून आलेल्या बायाबापड्यांना आधी लागतं पाणी आणि शौचालय. खर्च करायचाच तर माझ्या मते त्यावर व्हावा. आणि गुहेत रील काढण्याआधी शेजारच्या आजीला विचारा, चालेल का.