रोपे नव्हे, राखण

पावसाळा आला की वृक्षारोपणाचे समारंभ होतात, आणि पुढल्या वर्षी त्याच खड्ड्यांत नवी रोपे लागतात. तिसगाव परिसरातील गर्भगिरीच्या डोंगरांचे रक्षण अशा उत्सवांनी होणार नाही, हे आम्हांस स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

मार्ग दूर शोधावयास नको. याच अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार १९९४ मध्ये आदर्श गाव योजनेत आले. श्री. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली, यशवंत कृषी, ग्राम व पाणलोट विकास संस्थेच्या द्वारे, ग्रामस्थांनी श्रमदानाने उजाड टेकड्यांवर चर खणले, झाडे लावली. परंतु यशाचे मर्म रोपांत नव्हते. ते चराईबंदीत व कुऱ्हाडबंदीत होते. गुरे डोंगरावर सोडावयाची नाहीत, गवत मात्र कापून न्यावे, हा नियम गावाने स्वतः केला आणि वर्षानुवर्षे पाळला.

अशा बंदीचा पहिला घाव शेळ्यांवर पोट भरणाऱ्या भूमिहीनावर पडतो, हे विसरता कामा नये. गवतावर त्याचा हक्क आधी मानला, तरच तो वनाचा राखणदार होईल. शासनाने आणि देणगीदारांनी यापुढे संस्थांस एकच प्रश्न विचारावा: रोपे किती लावली हा नव्हे, तीन उन्हाळ्यांनंतर किती जगली हा!