वीज कुठून येते, ते लिहा

बोर्ड सुरू होतो, सगळे नीट चालते आणि साधारण 30 सेकंदांनी वाय-फायची चिप एकाएकी गप्प होते. डिव्हाइस ट्रीमध्ये, म्हणजे बोर्डाची रचना सांगणाऱ्या माहितीत, रेग्युलेटरची नोंद असते, पण त्याची वीज या चिपला जाते हे कुठेच लिहिलेले नसते. लिनक्स कर्नलच्या हिशेबी त्या रेग्युलेटरला गिऱ्हाईकच नाही, आणि बिनगिऱ्हाइकाचे रेग्युलेटर तो बूटनंतर बंद करतो. यात कर्नलचे काही चुकत नाही.

मग नोंदीत ‘रेग्युलेटर-ऑलवेज-ऑन’ ही ओळ घातली जाते. चिप चालते, पॅच पुढे जातो. हा इलाज आम्हाला मान्य नाही. ती ओळ मेमरीसारख्या, चालत्या यंत्रात क्षणभरही तोडता न येणाऱ्या पुरवठ्यासाठी आहे. वाय-फायला ती लावली की ड्रायव्हरला वीज कधी तोडताच येत नाही आणि बॅटरी विनाकारण झिजते.

एसडी कार्डाचे पाहा. त्याला दोन पुरवठे लागतात: एक खुद्द कार्डाला 3.3 व्होल्टचा, दुसरा सिग्नलच्या तारांसाठी, जो वेगवान पद्धतीत 1.8 व्होल्टवर उतरावा लागतो. बोर्डावर ही सोय असूनही नोंदीत दुसरा पुरवठा कायमचा 33,00,000 मायक्रोव्होल्ट लिहिला, तर कार्ड त्या वेगाला पोहोचतच नाही. ग्राहक मात्र कार्डाला दोष देतो. उलट, 1.8 व्होल्टच सोसणाऱ्या चिपच्या पुरवठ्याला कमाल मर्यादा 3.3 लिहिली, तर चिप जळण्यापासून वाचवणारा अडसरच निघून जातो.

पुरवठा लिहिलाच नाही, तर बहुतेक वेळा कर्नल ‘डमी रेग्युलेटर’ पुढे करून काम चालवतो आणि लॉगमध्ये तसे सांगतो. लॉगमधली ती ओळ दुर्लक्षून चालणार नाही. ‘डीटीबीएस-चेक’ ही चाचणी नोंदीचा साचा तपासते, बोर्डावरची तार तिला दिसत नाही. शिवाय डिव्हाइस ट्री एकट्या लिनक्सची नव्हे. यू-बूट हा बूटलोडरही ती वाचतो, आणि आज लिहिलेली नोंद उद्याच्या कर्नलवरही चालावी लागते.

म्हणून पॅच पाठवण्याआधी स्कीमॅटिक उघडा. चिपच्या प्रत्येक वीज-पिनपासून मागे जात रेग्युलेटर गाठा आणि तोच नोंदीत लिहा. आणि बोर्ड बनवणाऱ्यांनो, ते स्कीमॅटिक सर्वांसाठी खुले ठेवा.